आजोबांचा दाखला आणि आजीचे नाव

दौंडची रेल्वे वसाहत आणि शिरूरची जुनी छावणी या पुणे जिल्ह्यातील दोन ठिकाणांशी ज्यांच्या कुळाचा इतिहास जोडलेला आहे, तो अँग्लो-इंडियन समाज आता तीन खंडांत विखुरला आहे. हा समाज कोण, हे आजवर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांनीच ठरवले. येत्या जनगणनेच्या निमित्ताने तोच प्रश्न पुन्हा पुढे येणार आहे.

डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत एका घटनादुरुस्ती विधेयकावर चर्चा सुरू असताना तत्कालीन कायदामंत्री रविशंकर प्रसाद यांनी एक आकडा सांगितला. २०११च्या जनगणनेनुसार देशात अँग्लो-इंडियन समाजाचे केवळ २९६ लोक आहेत, असा तो आकडा होता. घटनेच्या ३३१ आणि ३३३ या कलमांन्वये लोकसभेत दोन आणि काही राज्यांच्या विधानसभांत एक अँग्लो-इंडियन सदस्य नियुक्त करण्याची जी तरतूद होती, तिला मुदतवाढ न देण्याच्या निर्णयामागे हा आकडा उभा होता. १०४वी घटनादुरुस्ती मंजूर झाली. २५ जानेवारी २०२० रोजी ही तरतूद संपुष्टात आली. महाराष्ट्राच्या विधानसभेतही २८८ निर्वाचित सदस्यांपलीकडे असलेली नियुक्त सदस्याची जागा इतिहासजमा झाली.

समाजाच्या प्रतिनिधींनी हा आकडा तीव्र शब्दांत अमान्य केला आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. १९५१च्या जनगणनेत अँग्लो-इंडियनांची संख्या एक लाखाच्या पुढे होती. परदेशगमनामुळे ती घटली, हे उघड आहे. परंतु लाखावरून तीनशेच्या आत येणे केवळ स्थलांतराने शक्य नाही. २०११च्या जनगणनेच्या प्रश्नावलीत धर्म विचारला गेला, मातृभाषा विचारली गेली, अनुसूचित जाती-जमातींविषयी विचारणा झाली. 'तुम्ही अँग्लो-इंडियन आहात काय?' असा प्रश्न तीत नव्हताच. दौंडच्या एखाद्या कुटुंबाने धर्म ख्रिस्ती आणि मातृभाषा इंग्रजी असे उत्तर दिले असेल, तर ते कुटुंब या समाजाच्या आकड्यात येण्याची सोयच नव्हती. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, म्हणून तो समाजच नाही, असा हा तर्क झाला.

तथापि, हा केवळ एका जागेचा वा एका आकड्याचा प्रश्न नाही. अँग्लो-इंडियन कोण, हे ठरवण्याचा अधिकार त्या समाजाकडे कधी होता काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. घोड नदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड ही दोन गावे त्यासाठी पुरेशी आहेत.

छावणीचे गाव

१८०२च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या वाटेवरील शिरूर हे त्या फौजेचे ठाणे झाले. १८१७च्या अखेरच्या रात्री कॅप्टन स्टाँटन ज्या तुकडीसह भीमा कोरेगावकडे निघाला, ती शिरूरहूनच निघाली होती. याच शिरूरमध्ये कर्नल विल्यम वॉलेस या स्कॉटिश अधिकाऱ्याची कबर आहे. असईच्या लढाईत भाग घेतलेला हा अधिकारी १८०९मध्ये येथे मरण पावला. पुढे पंचक्रोशीतील लोक त्याला 'सत्पुरुष' मानू लागले. सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर आणला जात असे, अशी नोंद १८८५च्या बॉम्बे गॅझेटिअरच्या पुणे खंडात आहे. परक्या सेनाधिकाऱ्याला आपल्या देवदेवतांच्या रांगेत बसवणे ही मराठी मुलखाची जुनी रीत आहे आणि तिच्यातील औदार्य नाकारण्याचे कारण नाही.

परंतु त्याच छावणीजीवनाची दुसरी बाजू अशी, की कंपनीच्या गोऱ्या शिपायांनी आणि अधिकाऱ्यांनी ज्या देशी स्त्रियांशी संसार केले, त्या बहुतेकींची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत. अपत्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचे नाव, पलटण आणि हुद्दा येतो. आईच्या जागी कधी केवळ 'देशी स्त्री' असा उल्लेख, कधी धर्मांतरानंतरचे एकेरी ख्रिस्ती नाव, तर कधी रिकामी जागा. तिचे माहेर, तिची जात, तिची भाषा यांतले काही उरत नाही. अँग्लो-इंडियन समाजाच्या कौटुंबिक इतिहासातील ही पहिली आणि सर्वांत मोठी पोकळी आहे.

या संततीविषयी कंपनीचे धोरणही लवकरच कठोर झाले. १७९१मध्ये आई वा वडील देशी असलेल्यांना कंपनीच्या मुलकी, लष्करी आणि आरमारी सेवेची दारे बंद करण्यात आली. १७९५मध्ये पलटणीत त्यांच्यासाठी बँडवाले, नगारची, नालबंद अशी बिगरलढाऊ कामे तेवढी उरली. म्हणजे शिरूरची छावणी वसण्यापूर्वीच या मुलांचे भवितव्य ठरले होते. बापाचे आडनाव मिळेल, बापाचा हुद्दा मिळणार नाही, अशी ती व्यवस्था होती.

रुळांवरची पिढी

हा समाज पुन्हा आकाराला आला तो रेल्वेमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ पुण्याहून पूर्वेकडे सोलापूरच्या दिशेने गेले आणि १८७८मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. त्यामुळे भीमाकाठचे हे गाव दक्षिणेकडचा आणि उत्तरेकडचा मार्ग जोडणारे जंक्शन झाले. शिरूरला रेल्वे आली नाही, ती आजही नाही. छावणी उठली तेव्हा शिरूरमध्ये कबरी उरल्या. दौंडमध्ये मात्र इंजिनांचे शेड, क्वार्टर, इन्स्टिट्यूट आणि चर्च यांच्याभोवती एक वसाहत उभी राहिली. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन, स्टेशनमास्तर या कामांवर अँग्लो-इंडियन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. वाफेच्या इंजिनाच्या काळात मेल गाडीचा ड्रायव्हर ही वसाहतीतील मोठी प्रतिष्ठेची जागा होती. बाप ड्रायव्हर, मुलगा फायरमन आणि मुलीचा नवरा गार्ड, हा सर्वसाधारण क्रम होता.

या व्यवस्थेत सवलत होती आणि तिची किंमतही होती. एकाच कामासाठी युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि 'नेटिव्ह' अशा वेगवेगळ्या पायऱ्या होत्या. अँग्लो-इंडियन कामगार खालच्या पायरीहून वर आणि वरच्या पायरीहून खाली असे. रेल्वेच्या ऑक्झिलिअरी फोर्समध्ये त्याला गणवेश चढवून कवायत करावी लागे. संप झाला की गाड्या चालू ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडूनच केली जाई. १९३०च्या जीआयपी संपासारख्या प्रसंगांमुळे देशी कामगारांच्या मनात या समाजाविषयी अढी बसली, तर त्यात नवल नव्हते. राज्यकर्त्यांनी त्याला आपल्या पंक्तीला कधी बसवले नाही आणि तरी त्यांचा माणूस म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले गेले. 'अँग्लो-इंडियन' हे नावसुद्धा मूळ त्याचे नव्हते. भारतात राहणाऱ्या इंग्रजांसाठी ते वापरले जाई; मिश्र वंशाच्या लोकांना ते अधिकृतपणे १९११मध्ये मिळाले. त्यापूर्वी त्यांना 'युरेशियन' म्हणत आणि त्याहून हीन नावेही होती.

स्वातंत्र्यानंतर फ्रँक अँथनी यांच्या प्रयत्नांनी घटनेत काही संरक्षणे आली. कलम ३३६ने रेल्वे, कस्टम, टपाल आणि तार खात्यांतील राखीव जागा दर दोन वर्षांनी घटवत दहा वर्षांत संपवल्या. शिक्षणाच्या अनुदानालाही अशीच मुदत होती. भाषेचा प्रश्न तर मुंबई राज्यातच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन आणि बिगरआशियाई वंशाच्या मुलांनाच प्रवेश द्यावा, असा आदेश राज्य सरकारने १९५४मध्ये काढला होता. देवळालीचे बार्न्स हायस्कूल चालवणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी तो आदेश रद्दबातल ठरला. या निकालाचा लाभ पुढे लाखो मराठी मुलांना झाला. आज इंग्रजी शाळेच्या दारात रांग लावणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पालकांपैकी फार थोड्यांना या लहानशा समाजाचे हे देणे ठाऊक असेल.

व्याख्येत आई नाही

घटनेच्या कलम ३६६(२)मधील अँग्लो-इंडियनाची व्याख्या बारकाईने वाचण्यासारखी आहे. ज्याचा पिता किंवा पितृवंशातील अन्य पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा आहे, जो भारतात जन्मला आहे आणि ज्याचे आईवडील येथे कायमचे राहणारे आहेत, तो अँग्लो-इंडियन. म्हणजे युरोपीय रक्त पित्याकडूनच आले पाहिजे. आई अँग्लो-इंडियन आणि वडील मराठी ख्रिस्ती वा गोवेकर असल्यास मुलगा या व्याख्येबाहेर जातो, मग घरात तो कोणतीही भाषा बोलत असो. वसाहतीच्या चर्चमध्ये एकत्र येणाऱ्या समाजांत अशी लग्ने अपवादात्मक नव्हती. शिरूरच्या छावणीत आईचे नाव नोंदवहीतून वगळले गेले होते. दीडशे वर्षांनी स्वतंत्र भारताच्या घटनेनेही वंश मोजताना तिला बाजूलाच ठेवले.

परदेशी जाण्याची वेळ आली, तेव्हा याच पितृवंशाला बाजारभाव आला. ऑगस्ट १९४७मध्ये 'मनूरा' हे ऑस्ट्रेलियन जहाज शेकडो अँग्लो-इंडियनांना घेऊन फ्रीमँटल बंदरात पोहोचले. त्यांतील अनेकांचा सावळा वर्ण पाहून ऑस्ट्रेलियन सरकारने नियम अधिकच आवळले. साठच्या दशकात ते धोरण सैल होईपर्यंत तेथे जाणाऱ्याला आपण वंशाने आणि रूपाने प्रामुख्याने युरोपीय आहोत, हे पटवून द्यावे लागे. एकाच आईची दोन मुले, एक उजळ आणि एक सावळे, अशा घरात हा नियम काय करत असेल, याची कल्पना करता येते. ब्रिटनमध्ये १९६२पर्यंत राष्ट्रकुलातील नागरिकाला प्रवेशाचा हक्क होता. त्यानंतर कायदे कडक झाले आणि १९७१चा कायदा व त्याखालील नियम यांनी आई-वडील किंवा आजी-आजोबा ब्रिटनमध्ये जन्मले असल्यास सवलत ठेवली.

त्यामुळे वसाहतीतील घराघरांत कागदांचा शोध सुरू झाला. ज्याला आजोबांचा ग्लासगोचा वा लिव्हरपूलचा जन्मदाखला सापडला, त्याची वाट मोकळी झाली. ज्याचे आजोबा येथेच जन्मले होते, ज्याची नोंदवही वाळवीने खाल्ली होती किंवा ज्याला आपल्या माणसांना सोडून जायचे नव्हते, तो राहिला. एकाच घराच्या दोन फांद्या झाल्या. पर्थ, मेलबर्न आणि लंडनमधील फांदीने हळूहळू 'इंडियन' हा शब्द मागे टाकला. दौंडमधील फांदी मराठी शिकली, शेजाऱ्यांत मिसळली, आडनाव तेवढे वेगळे उरले.

जपानी वंशाचा दाखला

कागदावर वंश ठरण्याचा हा अनुभव एकट्या अँग्लो-इंडियनांचा नाही. १९०८मध्ये 'कासातो मारू' हे जहाज जपानी शेतमजुरांना घेऊन ब्राझीलला गेले. तेव्हापासून तेथे वाढलेल्या जपानी वंशाच्या समाजाने पिढ्यांना स्वतंत्र नावे दिली: स्थलांतर करणारी पिढी इस्सेई, तिची मुले निस्सेई आणि नातवंडे सान्सेई. १९९०मध्ये जपानला कारखान्यांसाठी माणसे हवी होती. तेव्हा सुधारित कायद्याने तिसऱ्या पिढीपर्यंतच्या वंशजांना राहण्याची आणि काम करण्याची मुभा मिळाली. पुरावा होता कोसेकी, म्हणजे जपानी कुटुंबनोंदवहीचा उतारा. आजोबांचे नाव त्या नोंदवहीत असलेली हजारो माणसे जपानला गेली आणि तेथे त्यांना कळले की ब्राझीलमध्ये ज्यांना 'जपानी' म्हणत, त्यांना जपानमध्ये 'ब्राझीलियन' म्हणतात. २००९च्या मंदीत याच लोकांना परत जाण्यासाठी जपान सरकारने माणशी तीन लाख येन देऊ केले. गरज असते तेव्हा रक्ताचे नाते आठवते आणि गरज सरली की ते नाते परके होते, हा अनुभव दौंडच्या वसाहतीला नवा वाटणार नाही.

परंतु एक फरक आहे. जपानी वंशाच्या समाजांनी आपला इतिहास स्वतः लिहिण्याचे काम नेटाने केले. अमेरिकेत १९४२नंतर जपानी वंशाच्या सुमारे सव्वा लाख लोकांना छावण्यांत डांबण्यात आले होते. स्थलांतरितांच्या मुलांनी आणि नातवंडांनी सरकारी दप्तरे धुंडाळली, वृद्धांच्या साक्षी नोंदवल्या आणि अखेर १९८८च्या कायद्याने हयात पीडितांना माफी आणि प्रत्येकी वीस हजार डॉलर मिळाले. तेथे कुटुंबाचा इतिहास हा भूतकाळाचा छंद राहिला नाही, तो न्यायाचा आधार झाला.

उलटा प्रवास

अँग्लो-इंडियनांच्या बाबतीत आता एक विलक्षण उलटफेर घडला आहे. २००५च्या दुरुस्तीने ओसीआय योजना व्यापक झाली आणि २०१५च्या दुरुस्तीने भारतीय नागरिकाच्या पणतवंडांनाही ती खुली झाली. पर्थमध्ये जन्मलेल्या तरुणाला हे कार्ड हवे असेल, तर त्याला आता ब्रिटिश पूर्वजाचा नव्हे, तर भारतीय पूर्वजाचा दाखला लागतो. पणजोबा दौंडला जन्मले होते, हे एके काळी दडवावेसे वाटणारे वाक्य आज पुराव्यासह सिद्ध करावे लागते. वंशशुद्धीच्या कल्पना डीएनए चाचण्यांनीही मोडीत काढल्या आहेत. आईकडून आईकडे जाणाऱ्या वंशरेषेची चाचणी अनेकांना थेट त्या निनावी देशी पणजीपाशी नेऊन पोहोचवते. चाचणी तिचा वंश सांगते, नाव मात्र सांगू शकत नाही. त्यासाठी कागदच लागतो.

आणि कागद आहेत कुठे? कंपनीच्या आणि ब्रिटिश अमदानीतील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती मुंबई इलाख्यातून दरवर्षी लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि बऱ्याच अंशी इंटरनेटवर, पैसे भरून, पाहता येतात. १९७६पासून दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींची नोंद ठेवणारी आणि १९९८पासून ब्रिटिश भारतातील कुटुंबांचा शोध घेण्यास मदत करणारी अशा दोन संस्था ब्रिटनमध्ये कार्यरत आहेत. म्हणजे दौंडच्या कुटुंबाचा इतिहास शोधण्याची सोय दौंडपेक्षा लंडनमध्ये अधिक चांगली आहे. कॅथलिक चर्चच्या नोंदी तितक्या नियमितपणे लंडनला गेल्या नाहीत; त्यांच्या मूळ वह्या हाच मुख्य आधार आहे. येथेच नेमलेल्या रेल्वे कामगारांची सर्व्हिस बुके हा आणखी एक ऐवज. पण मुदत संपलेली दप्तरे निकालात काढण्याच्या सरकारी रिवाजापुढे त्यांचे काय होते, हे सांगण्याची गरज नाही.

करायचे काय?

पहिली गोष्ट जनगणनेची. १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख असलेल्या जनगणनेत प्रत्येकाची जात नोंदवण्याचे सरकारने ठरवले आहे. दौंडच्या अँग्लो-इंडियन कुटुंबापुढे प्रगणक उभा राहील, तेव्हा ते काय सांगणार आणि तो ते कोणत्या रकान्यात लिहिणार, याविषयी स्पष्ट सूचना असल्या पाहिजेत. घटनेत ज्याची व्याख्या आहे, त्या समाजाची मोजणी 'इतर' या शब्दाखाली विरघळून जाणे योग्य नव्हे. आकडा लहान आला तरी चालेल. तो विचारून आलेला असावा. नियुक्त जागा पुन्हा द्यावी की नाही, यावर मतभेद असू शकतात आणि कोणतीही राखीव जागा कायमची नसावी, हे म्हणणे असमंजस नाही. मात्र असा निर्णय चुकीच्या आकड्यावर उभा राहू नये.

दुसरी गोष्ट दप्तरांची. पुण्यात पेशवे दफ्तराचे पुराभिलेखागार आहे. कोट्यवधी मोडी कागद सांभाळणाऱ्या या शहराला जिल्ह्यातील चर्चच्या वह्या, दफनभूमींच्या नोंदी आणि रेल्वेची जुनी सेवापुस्तके यांची छायाचित्रे घेऊन ठेवणे अवघड नाही. त्यासाठी चर्च, रेल्वे आणि राज्य सरकार यांना एकत्र बसावे लागेल, इतकेच. शिरूरची कबर आणि दौंडची वसाहत या एकाच कथेच्या दोन टोकांना एकत्र पाहण्याची दृष्टी विद्यापीठाच्या इतिहास विभागाने दिली, तर ते काम अधिक अर्थपूर्ण होईल.

आणि तिसरी गोष्ट स्मृतीची. वसाहतीत वाफेच्या इंजिनाचा काळ पाहिलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. तिच्या आठवणी कोणत्याही नोंदवहीत नाहीत. त्या मराठीत, इंग्रजीत आणि दोहोंच्या मिश्रणात सांगितल्या जातात. तीच या समाजाची खरी भाषा आहे. आजोबांचा दाखला शोधण्यात या समाजाच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. आजीचे नाव शोधण्याचे काम अद्याप सुरूच झालेले नाही. ते सांगू शकणारी माणसे आज हयात आहेत, आणखी दहा वर्षांनी असतीलच असे नाही.